इंग्लंडमध्ये परवडणारी नवी अलॉटमेंट साइट: सहा सह्यांपासून पहिल्या वाफ्यापर्यंत

अलॉटमेंट म्हणजे भाजी पिकवायला वर्षाच्या भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा (प्लॉट), आणि असे प्लॉट जिथे एकत्र असतात ती साइट. त्यासाठी काउन्सिलच्या वेटिंग लिस्टवर नाव घालून वर्षानुवर्षं वाट बघणारे आपल्यातले बरेच जण विचारतात, की चार घरं मिळून नवीच साइट सुरू केली तर? करता येते, कायद्यात त्याची सोयही आहे. तरीही बरेचसे प्रयत्न वर्षभरात विरून जातात, कारण कामाचा क्रम उलटा लागतो. आधी एखादी पडीक जागा डोळ्यांत भरते, मग व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, वर्गणी जमते, कुंपणाची कोटेशनं येतात. त्यानंतर कळतं, की जागा दुसऱ्याच कुणाच्या नावावर आहे किंवा मातीत शिसं आहे.

साइट स्वस्त राहणार की महाग, हे जवळजवळ सगळं कुदळ मारण्याआधीच ठरतं. जमीन कोणत्या अटींवर घेतली, पाणी कुठून आणलं आणि प्लॉट केवढे पाडले, यावर पुढची वीस वर्षं भाडं अवलंबून राहतं. म्हणून खालचे टप्पे ह्याच क्रमाने घ्या. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडला २०१५चा वेगळा कायदा लागू होतो.

## टप्पा १: मागणी कागदावर आणा

आधी जबाबदारी कोणाची ते शोधा. तुमच्या भागात पॅरिश किंवा टाउन काउन्सिल (गावपातळीवरची सगळ्यात लहान काउन्सिल) असेल, तर अलॉटमेंट पुरवण्याचं काम त्यांचं. नसेल तर डिस्ट्रिक्ट, युनिटरी किंवा बरो काउन्सिलचं. कौंटी काउन्सिलला पत्र लिहिलं तर ते टेबलाटेबलावर फिरत राहतं आणि तुमचे महिने वाया जातात. लंडनच्या आतल्या बरोंना अलॉटमेंट देण्याचा अधिकार आहे, पण ते त्यांचं कायदेशीर कर्तव्य नाही. तिथे राहत असाल तर पुढचं पत्र हक्क म्हणून लिहू नका, विनंती म्हणून लिहा.

स्मॉल होल्डिंग्ज अँड अलॉटमेंट्स ॲक्ट १९०८ च्या कलम २३ नुसार त्या हद्दीत राहणाऱ्या सहा नोंदणीकृत मतदारांनी किंवा काउन्सिल टॅक्स भरणाऱ्यांनी लेखी निवेदन दिलं, तर काउन्सिलला ते विचारात घ्यावंच लागतं. इथे आपल्या लोकांचा एक गैरसमज आहे: ब्रिटिश पासपोर्ट नाही म्हणजे आपली सही चालणार नाही. भारतीय नागरिक कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मोडतात आणि वैध व्हिसावर इथे राहत असतील तर मतदार यादीत नाव घालू शकतात. नाव घातलं नसेल तर ते आधी करा, सही त्यानंतर.

पत्र एका पानाचं पुरे. कलमाचा उल्लेख, 'या हद्दीत अलॉटमेंटची मागणी आहे आणि ती भागत नाही' असं स्पष्ट वाक्य, आणि सहा जणांची नावं, पत्ते, सह्या. जोडीला मागणीची यादी द्या: कोणत्या रस्त्यावरची किती घरं, प्रत्येकाला किती जागा हवी, आज मिळाली तर घेणार का. काउन्सिलच्या स्वतःच्या वेटिंग लिस्टवर किती नावं आहेत, हे माहितीच्या अधिकारात आधीच मागवून ठेवा. त्याचं उत्तर वीस कामकाजी दिवसांत यायला हवं. त्यांचाच आकडा त्यांच्यापुढे ठेवला की 'मागणी नाही' असं म्हणता येत नाही.

सावधान: ऑनलाइन याचिकेवरच्या शेकडो सह्यांचा इथे फारसा उपयोग नाही. त्यातल्या बऱ्याच हद्दीबाहेरच्या असू शकतात. पत्ता असलेली चाळीस खरी नावं त्याहून वजनदार.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. 'आपल्या मंडळासाठी साइट' असा विचार सुरुवातीलाच सोडून द्या. सार्वजनिक जमीन एका भाषेच्या किंवा समाजाच्या लोकांपुरती राखून ठेवता येत नाही, आणि तसं नुसतं दिसलं तरी प्रस्ताव मागे पडतो. सहा सह्यांत शेजारचे पोलिश कुटुंब, समोरचे निवृत्त आजोबा, गल्लीतल्या गुजराती काकू असू देत. पुढे कुंपण घालायलाही हीच माणसं लागणार आहेत.

कायद्यात काउन्सिलवर मुदतीचं बंधन नाही. निवेदन दिलं आणि गप्प बसलं, असं चालत नाही. ते कोणत्या मीटिंगच्या अजेंड्यावर येणार हे क्लार्कला विचारा आणि त्या मीटिंगला दोघं-तिघं जाऊन बसा.

## टप्पा २: संस्था आणि बँक खातं

जागा मिळायच्या आधी संस्था हवी. साधी असोसिएशन एका संध्याकाळी स्थापन होते: लिखित घटना, अध्यक्ष, सचिव, खजिनदार. पण अशा संस्थेला कायद्याने स्वतंत्र अस्तित्व नसतं, त्यामुळे लीज तिच्या नावावर होत नाही. विश्वस्त म्हणून काही माणसांना स्वतःच्या नावाने सही करावी लागते आणि देणी झाली तर ती त्यांच्या अंगावर येतात. लीज घ्यायचं असेल तर चॅरिटेबल इनकॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन, कम्युनिटी बेनिफिट सोसायटी किंवा हमीवर मर्यादित कंपनी यांपैकी काहीतरी निवडा. काउन्सिल स्वतः साइट चालवणार असेल, तर साधी असोसिएशन पुरते.

बँक खात्यावर एकमेकांच्या नात्यात नसलेल्या किमान दोघांच्या सह्या लागतील असं बघा. नॅशनल लॉटरीच्या 'अवॉर्ड्स फॉर ऑल'सारख्या अनुदानांना हे लागतंच. नवरा अध्यक्ष आणि बायको खजिनदार असलेले अर्ज इथेच अडकतात.

## टप्पा ३: जागा शोधा, पण एकीच्या प्रेमात पडू नका

यादीत चार-पाच जागा हव्यात. पॅरिशच्या मालकीची पडीक जागा, खेळाच्या मैदानाचा न वापरलेला कोपरा, गावाच्या कडेला शेतकऱ्याचा तुकडा, चर्चच्या मालकीची जमीन, आणि नव्या घरांच्या योजनेत बिल्डरकडून सेक्शन १०६ करारात (प्लॅनिंग परवानगीसोबत काउन्सिल बिल्डरशी करते तो करार) मिळणारी जागा.

प्रत्येक जागेसाठी घरबसल्या होणारी तपासणी:

- लँड रजिस्ट्रीतून मालकीचा उतारा काढा. काही पौंडांत मिळतो. त्यात जुनी बंधनं, म्हणजे कव्हनंट, लिहिलेली असतात. 'इथे बांधकाम करू नये' चालेल. 'फक्त करमणुकीसाठी' असेल तर वकिलाला विचारा.
- नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे फुकट बघता येतात, आणि इंग्लंडचेही आहेत. त्या जागी पूर्वी वीटभट्टी, गॅसवर्क्स, रेल्वे साइडिंग किंवा भराव टाकलेला खड्डा दिसला, तर माती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.
- सरकारी पूर नकाशा आणि पब्लिक फूटपाथ बघा.
- जमिनीखाली गॅस किंवा विजेची लाइन आहे का, हे लाइनसर्च बिफोर यू डिग या मोफत सेवेवर विचारा.

मग जागेवर जा, आणि फेब्रुवारीत भरपूर पाऊस पडून गेल्यावर जा. जूनमध्ये कुठलीही जागा सुंदर दिसते. फेब्रुवारीत बूट रुततात, दक्षिणेकडच्या झाडांची लांब सावली कुठवर येते ते दिसतं. लव्हाळ्यासारखं रश गवत दिसलं तर तिथे पाणी साचतं असं समजा. खाजकुयलीसारखी चावणारी नेटल दाट वाढली असेल तर माती बहुधा सकस आहे, भिऊ नका.

एक खड्डा खणाच. मालकाची परवानगी घेऊन, एक फूट लांब-रुंद आणि सव्वा फूट खोल. पाण्याने भरा, मुरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच उभं असेल, तर एकतर ही जागा सोडा किंवा चर खणण्याचा खर्च धरा. खड्ड्याच्या कडेला मातीचे थरही दिसतात. वर काळसर तपकिरी, खाली पिवळसर चिकणमाती, हे नेहमीचंच. पण काचा, विटांचे तुकडे, राखेचा करडा पट्टा दिसला, तर तो भराव आहे.

बिल्डरच्या जागेबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नवीन साइट बऱ्याचदा अशाच येतात आणि अशाच फसतात. ही जागा बांधकाम चालू असताना यंत्रं उभी करायला वापरलेली असते. माती दगडासारखी दाबली जाते आणि वरून चार इंच सुपीक माती पसरून ती 'तयार' म्हणून हातात देतात. पहिल्या उन्हाळ्यात गाजरं बोटभर होतात. म्हणून प्लॅनिंग अर्जावर हरकती घेण्याची मुदत चालू असतानाच काउन्सिलला लेखी कळवा: करारात सुपीक मातीची खोली लिहा, खालचा दाबलेला थर फोडून द्यायची अट घाला, कुंपण, पाणी आणि गाडीचा रस्ता बिल्डरनेच करावा, आणि अमुक इतकी घरं विकली जाण्याआधी साइट ताब्यात द्यावी. ही शेवटची अट नसली तर साइट सगळ्यात शेवटी येते, किंवा येतच नाही.

तपासा: पार्कचा कोपरा लीजवर घ्यायचा असेल, तर मुख्य (पॅरिशच्या वरच्या) काउन्सिलला आधी स्थानिक वर्तमानपत्रात सलग दोन आठवडे जाहिरात देऊन हरकती मागवाव्या लागतात. कुत्री फिरवणारे शेजारी नाराज होऊ शकतात. जाहिरात निघण्याआधी त्यांच्या दारावर जाऊन बोला.

## टप्पा ४: माती तपासा, सही त्यानंतर

हा टप्पा पैसे वाचवायला म्हणून वगळतात, आणि तोच पुढे महागात पडतो. काउन्सिलच्या दूषित जमिनीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला आधी विचारा, त्यांच्याकडे जुने अहवाल असू शकतात. नसले तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुने द्या: शिसं, आर्सेनिक, कॅडमियम आणि पीएएच ही जळणापासून येणारी रसायनं.

एकाच ठिकाणची माती देऊ नका. जागेचे चौकोन पाडा, प्रत्येकातून वरच्या फूटभर थराचा नमुना घ्या, आणि एक-दोन ठिकाणी त्याखालचाही. सगळे नमुने एकत्र कालवू नका. एका कोपऱ्यातलं विष बाकीच्या चांगल्या मातीत लपून जातं.

अलॉटमेंटसाठीच्या छाननी पातळ्या घरच्या बागेपेक्षा वेगळ्या आहेत, कारण इथे माणूस पिकवलेलं भरपूर खातो. शिशासाठी ती किलोला ८० मिलीग्रॅम आहे, तर भाजी पिकवणाऱ्या घरगुती बागेसाठी २००. आर्सेनिकसाठी अलॉटमेंटची पातळी ४९. अहवालात 'निवासी वापरास योग्य' असं लिहिलं असेल तर तेवढ्यावर समाधान मानू नका. शिशाचा आकडा ८०शी ताडून बघा. या पातळीवर आकडा गेला म्हणजे जागा बाद, असं नाही. जाणकाराकडून पुढची तपासणी करून घ्या, एवढाच त्याचा अर्थ.

जॅपनीज नॉटवीड हे झपाट्याने पसरणारं चिवट तण आहे का तेही आत्ताच बघा. असेल तर काढण्याचा खर्च मालकाचा, हे लीजच्या आधी ठरवा.

## टप्पा ५: लीज

काउन्सिलने जमीन कायमची अलॉटमेंटसाठी घेतली किंवा त्या वापराकडे वळवली, तर ती 'स्टॅच्युटरी' साइट होते. अलॉटमेंट्स ॲक्ट १९२५ च्या कलम ८ मुळे ती विकायला किंवा दुसऱ्या कामाला वापरायला मंत्र्यांची परवानगी लागते. काउन्सिलने दुसऱ्या कामासाठी ठेवलेली किंवा भाड्याने घेतलेली जागा 'टेम्पररी', आणि तिला हे संरक्षण नाही. आपली कोणती, ते लेखी विचारा. तोंडी आश्वासन नवीन कौन्सिलर निवडून येईपर्यंतच टिकतं.

खाजगी मालकाकडून घेत असाल तर:

- मुदत किमान दहा, शक्यतो पंधरा वर्षं. पाण्याची जोडणी आणि कुंपण यांचा खर्च त्याहून कमी काळात फिटत नाही. सात वर्षांहून जास्त मुदतीचं लीज लँड रजिस्ट्रीत नोंदवावं लागतं.
- मालक तुम्हाला मधेच बाहेर काढू शकेल असं कलम आहे का? असेल तर बारा महिन्यांची सूचना, पिकं काढायला वेळ आणि केलेल्या सुधारणांची भरपाई मागा.
- भाडं वाढवायचं सूत्र लिहून घ्या. 'बाजारभावाप्रमाणे' हे शब्द शहराच्या कडेच्या जमिनीला फार धोकादायक. तिथला बाजारभाव घरांच्या आशेवर चढतो. 'शेतजमिनीच्या भाड्याप्रमाणे' असं लिहा.
- शेड, पॉलिटनेल (प्लास्टिकचं बोगद्यासारखं हरितगृह), कोंबड्या आणि पाण्याच्या टाक्यांना परवानगी.

नॅशनल अलॉटमेंट सोसायटीचं सदस्यत्व आधी घ्या आणि लीजचा मसुदा त्यांच्याकडून बघून घ्या. मग वकील.

जमिनीवर भाजी पिकवणं हे सहसा शेतीच धरलं जातं, त्यामुळे नुसत्या पिकवण्याला प्लॅनिंग परवानगी लागत नाही. पण मुख्य रस्त्यावर नवीन फाटक, गाड्यांसाठी खडी, मोठी शेड, दोन मीटरहून उंच कुंपण (रस्त्यालगत एक मीटर) यांना लागू शकते.

## टप्पा ६: पाणी, कुंपण, रस्ता

स्वस्त साइट महाग होते ती ह्या तिघांपायी.

पाणी: प्रत्येक प्लॉटला नळ देऊ नका. पाच-सहा प्लॉटमध्ये एक टाकी ठेवा, झारीने पाणी घ्या. पाइप कमी लागतो, बिल कमी येतं. टाकीत पाणी सोडणारा नळ पाण्याच्या पातळीच्या वर, मधे हवेची फट ठेवून बसवावा लागतो, म्हणजे शेणामातीचं पाणी उलटं मुख्य लाइनीत जात नाही. १९९९ च्या वॉटर फिटिंग्ज नियमांत हे बंधनकारक आहे, आणि काम सुरू करण्याआधी पाणी कंपनीला कळवावं लागतं. जमिनीखालचा पाइप किमान ७५० मिलीमीटर खोल, नाहीतर हिवाळ्यात गोठून फुटतो. मुख्य लाइन फार लांब असेल तर बोअरवेलचा हिशोब करून बघा. दिवसाला २० घनमीटरपर्यंत उपशाला परवाना लागत नाही.

कुंपण: ससे असतील तर बारीक जाळी हवीच, आणि तिची खालची वीतभर पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी दुमडा. ससा कुंपणाच्या मुळाशीच उकरतो, आणि पायाखाली जाळी लागली की थांबतो. रस्त्याकडे तारेचं साधं कुंपण आणि त्याच्या आत हॉथॉर्नची रोपं लावा. नोव्हेंबर ते मार्चमध्ये बिनमातीची रोपं अगदी स्वस्त मिळतात.

रस्ता: फाटकापासून गाडी वळवण्यापुरती एकच खडीची पट्टी. बाकी सगळं गवत, मोअर जाईल एवढं रुंद.

पैशासाठी पॅरिश काउन्सिलला एक प्रश्न नक्की विचारा: कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्हीचा तुमचा वाटा किती शिल्लक आहे? जिथे ही लेव्ही लागू आहे तिथे विकासकांकडून येणाऱ्या रकमेचा १५ टक्के भाग पॅरिशला मिळतो, नेबरहूड प्लॅन (गावाचा स्वतःचा मंजूर विकास आराखडा) असेल तर २५ टक्के. अनेक ठिकाणी हे पैसे कशावर खर्च करायचे हे ठरलेलंच नसतं.

## टप्पा ७: प्लॉट पाडा आणि भाडं काढा

जुना पूर्ण प्लॉट दहा रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर. नोकरी करणाऱ्या नवख्या कुटुंबाला तो झेपत नाही, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तिथे छातीएवढं गवत असतं. अर्धा, म्हणजे १२५, हा मूळ आकार धरा. काही ६० चे ठेवा. चांगलं करणाऱ्याला शेजारचा रिकामा झाला की देता येतो.

समजा अर्धा हेक्टर जागा आहे. रस्ता, वाटा, शेड, कंपोस्ट यांत तीस टक्के जातात. उरले ३,५०० चौरस मीटर, म्हणजे अर्धे प्लॉट २८. समजा वर्षाचा खर्च असा: पाणी ५००, विमा २५०, डागडुजी ५००, राखीव २५०, एकूण १,५०० पौंड. दहा टक्के प्लॉट रिकामे राहतील असं धरा, म्हणजे ३,१५० ने भागा. चौरस मीटरला ४८ पेन्सच्या आसपास, अर्ध्या प्लॉटला वर्षाला ६० पौंड. आता मालकाने जमिनीचं भाडं १,५०० मागितलं, की हेच १२० होतात. टप्पा ५ मध्ये वाद घालायचा तो ह्यासाठी.

रिकाम्या प्लॉटांची तूट न धरणं ही सगळ्यात नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे भाडं 'एका प्लॉटला' ठरवणं. चौरस मीटरवर ठरवा, म्हणजे लहान प्लॉटवाल्यावर अन्याय होत नाही. पेन्शनवरच्या किंवा कमी उत्पन्नाच्या लोकांना सवलत द्या आणि ती हिशोबात आधीच धरा.

## टप्पा ८: वाटप आणि पहिला हिवाळा

वाटप यादीच्या तारखेप्रमाणेच. सह्या गोळा करणाऱ्यांना आधी, असं केलंत तर भांडण ठरलेलं.

करारात साधे मुद्दे घाला: पीक घरच्यासाठी, धंद्यासाठी नाही, कोंबड्या चालतील, कोंबडे नाहीत, जुने कार्पेट जमिनीवर टाकायचे नाहीत, शेकोटी कधी आणि कशी. काउन्सिलच्या साइटवर प्लॉटधारकाला काढून टाकायची सूचना साधारणपणे बारा महिन्यांची असते आणि ती ६ एप्रिल किंवा त्याआधी, नाहीतर २९ सप्टेंबर किंवा त्यानंतर संपायला हवी. नियम मोडणाऱ्यासाठी वेगळी तरतूद करारात असू द्या.

ताबा ऑक्टोबरमध्ये द्या. एप्रिलमध्ये दिला तर लोक गवत उपटण्यातच उन्हाळा घालवतात. ऑक्टोबरमध्ये गवत कापून, पुठ्ठा आणि त्यावर काळं कापड टाकून हिवाळाभर झाकलं, की वसंतात जमीन बरीच मोकळी मिळते. भाड्याने रोटाव्हेटर आणून एका दिवसात सगळी साइट नांगरायचा मोह टाळा. काउच गवत आणि बाइंडवीड यांच्या मुळांचे तुकडे होतात, आणि प्रत्येक तुकडा नवीन रोप होतो.

खताची गाडी आणण्याआधी एक चाचणी कराच. जवळच्या तबेल्यातली लीद फुकट मिळते, पण कुरणावर अमिनोपायरालिडसारखं तणनाशक मारलेलं असेल तर ते घोड्याच्या पोटातून जसंच्या तसं लिदीत येतं. लीद आणि साधी माती मिसळून तीन-चार कुंड्या भरा, प्रत्येकीत ब्रॉड बीनचे दाणे पेरा. जोडीला नुसत्या मातीची एक कुंडी. तीन-चार आठवड्यांनी नवीन पानं वाटीसारखी वळलेली किंवा नेच्याच्या कोंबासारखी गुंडाळलेली दिसली, तर ती लीद साइटवर येऊ देऊ नका. टोमॅटो, बटाटे, वाल, सगळं जाईल. खात्रीचं हवं असेल तर पीएएस १०० या ब्रिटिश दर्जाच्या प्रमाणपत्राचं कंपोस्ट घ्या.

पहिल्या वर्षी मेथी, मुळा, कोथिंबीर, लाल माठ लावा. कोथिंबीर आणि मुळा एप्रिलपासून, माठ मेच्या मध्यानंतर, थंडीची भीती गेल्यावर. दुधी आणि दोडका उघड्यावर लावून नवे लोक हिरमुसतात. त्यांना पॉलिटनेल लागतं.

मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये समितीने सगळ्या प्लॉटवरून एकदा फिरायचं. प्लॉट पडीक दिसला तर आधी फोन, घरी आजारपण आहे का विचारा, हवं तर अर्धा कमी करून द्या. मग पत्र. ऑक्टोबर उजाडायच्या आत रिकामे प्लॉट यादीतल्या पुढच्या नावांना गेलेले असले पाहिजेत, आणि यादी तरीही लांबच असेल, तर तीच यादी घेऊन पुन्हा काउन्सिलच्या क्लार्ककडे जा.